निवांत गटातला हात

१२ जानेवारी

वन्सं,

मायना गाळते आहे. नमस्कार लिहिला तर तुम्हाला खोटा वाटेल, आणि आशीर्वाद देण्याइतकी मी मोठी नाही, हे तुम्हीच चारचौघांत सांगून झालं आहे. तेव्हा थेट मुद्द्यावर येते.

आईंचा फोन लागत नाही, असा तुमचा निरोप तुमच्या मावसबहिणीकडून मिळाला. फोन बिघडला आहे. दुरुस्तीला दिला आहे, दुकानदार आज देतो उद्या देतो करतो. आई बऱ्या आहेत. वयाप्रमाणे जे असायचं ते आहे. माझा फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून हे पत्र.

एवढंच कळवायचं होतं. पण कागद अर्धा कोरा पाठवणं मला जमत नाही, म्हणून माझंही थोडं सांगते. निवृत्तीनंतर ही बाई घरात बसून भिंतींनाही वळण लावील, असं तुम्ही म्हणाला होतात. भिंती वाचल्या. मी पुन्हा कामाला लागले आहे. वैद्यकीय महाविद्यालयात मागच्या जिन्यापलीकडे, मोडक्या चाकांच्या खुर्च्या ठेवतात त्या बोळाच्या टोकाला, आमच्या तीन खोल्या आहेत. वर्षानुवर्षं ताणात राहिलेल्या माणसाच्या शरीराचं काय होतं, ते तिथे मोजतात.

हे काम मी का धरलं, ते तुम्हाला कळायला हवं. तुमचे भाऊ गेले त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात उभ्या राहून तुम्ही म्हणालात, "वहिनी, माझा भाऊ हृदयविकारानं नाही गेला. तुमच्या घड्याळानं मारलं त्याला. रोज थोडं थोडं." लिफ्टची वाट बघणारी माणसंसुद्धा वळून बघायला लागली होती. मी उत्तर दिलं नाही, कारण ते मला माहीत नव्हतं. माहीत नसलेल्या गोष्टीवर मी बोलत नाही. असं काही मोजता येतं का ते बघावं, म्हणून इथे आले.

मोजता येतं, वन्सं. रक्तदाब, सकाळ-संध्याकाळची थुंकी, रक्त हे सगळं आहेच. पण आमचं मुख्य काम जखमेचं आहे. दंडाच्या आतल्या बाजूला बधिर करून मसुरीच्या दाण्याएवढी कातडी काढायची. मग ती भरेपर्यंत रोज तिचा फोटो घ्यायचा, शेजारी मोजपट्टीचा तुकडा चिकटवून. आणि वर पेरॉक्साइडचा थेंब सोडायचा. फेस आला तर आत अजून उघडं आहे. फेस आला नाही म्हणजे जखम मिटली. यात कुणाचं रडगाणं ऐकावं लागत नाही, मला हे फार आवडलं.

माणसांचे दोन गट आहेत. घरात कुणाचं तरी दुखणं वर्षानुवर्षं काढणारे एका गटात, आणि त्यांच्याच वयाचे, मागे काही व्याप नसलेले दुसऱ्या गटात. त्या दुसऱ्या गटाला आम्ही आपापसात निवांत गट म्हणतो.

फोन दुरुस्त झाला की कळवीन.

वहिनी


३० जानेवारी

वन्सं,

तुमचं कार्ड मिळालं. चार वर्षांनी आलेलं तुमचं अक्षर, आणि मजकूर काय तर, "आईला फोनवर द्या. रविवारी दहाला करते." वाण्याला यादी पाठवताना तुम्ही याहून जास्त लिहीत असाल.

रविवारी आम्ही बाहेर गेलो होतो. हवा चांगली होती, आईंना थोडं फिरवून आणलं. माझा फोन घरीच राहिला, त्याची घंटा वाजून गेली असेल. शिवाय आईंना हल्ली फोनवर नीट ऐकू येत नाही, तुमचं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचेल की नाही शंका आहे.

तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगते. घराला दोन-तीन दुरुस्त्या करून घेतल्या. दाराला वर, हात उंच केल्याशिवाय पोचणार नाही अशी कडी बसवली. चोऱ्या वाढल्या आहेत. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई दुपारी आपली मशीन घेऊन आमच्याकडे शिवायला बसतात. त्यांच्या खोलीत उजेड कमी येतो. आईंनाही सोबत होते.

कामाचं सांगते. निवांत गटाला माणसं मिळेनात. निवृत्त मास्तर मिळाले, बँकेतले दोघे मिळाले, आपण किती निवांत आहोत हे तासभर सांगणारे एक वकीलही मिळाले. अडलं ते बायकांवर. आमची डॉक्टर माझ्या निम्म्या वयाची आहे, हुशार आहे, केस कधी विंचरते देव जाणे. ती म्हणाली, "ताई, साठीची एक निवांत बाई शोधून द्या हो कुठून तरी." मी म्हटलं, "त्यापेक्षा पांढरा कावळा माग, लवकर मिळेल." ती हसली. मग मीच बाही वर केली.

ती आधी नको म्हणाली. कामावरच्या माणसाचा हात चालत नाही, म्हणाली. नियमात कुठे लिहिलंय ते दाखव, म्हटलं. तिला दाखवता येईना. मग ती खुर्ची ओढून रीतसर समोर बसली आणि सगळ्यांना विचारते तेच तिनं मला विचारलं.

"घरात कोणी दीर्घकाळ आजारी?"

"नाही."

"कुणाची रोजची जबाबदारी?"

"सासूबाई आहेत. म्हातारपण हा आजार नाही."

"झोप?"

"घड्याळ लावून."

"मग तुम्ही आमच्या आदर्श बाई," असं म्हणून तिनं मला निवांत गटात घातलं. माझा हात तीच मोजते. स्वतःचं माप स्वतः घ्यायचं नसतं.

वहिनी


१७ फेब्रुवारी

वन्सं,

दुसरं कार्ड मिळालं. "आई कुठे आहे?" हा काय प्रश्न झाला? घरी आहेत. कुठे असणार?

तुमचा स्वभाव माहीत आहे म्हणून सांगते, उगाच घायकुतीला येऊ नका. फोनचा सुटा भाग मिळत नाही.

इथे एक टॅक्सीवाले येतात. त्यांची बायको बरीच वर्षं अंथरुणाला खिळली आहे. माणूस खुशालचेंडू दिसतो, येता-जाता विनोद करतो. पण त्यांच्या दंडावर थेंब सोडला की अजून फेस येतो. त्यांच्याच दिवशी भोक पाडून घेतलेले मास्तर केव्हाच बरे होऊन पेढा मागायच्या थाटात हिंडताहेत. टॅक्सीवाल्यांनी त्या दिवशी मला विचारलं, "बाई, माझी जखम कामचुकार आहे का?" मी म्हटलं, "नाही, ती दुसरीकडे कामाला आहे." हे मी मुद्दाम हुशारीनं बोलले नाही, तोंडातून गेलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "हो. घरी कामाला आहे." मग बाही खाली करून गेले.

माझ्याही जखमेला फेस येतो आहे.

कारण साधं आहे. माझा हात सारखा पाण्यात असतो. दिवसातून दोन-तीनदा अंघोळ घालायची म्हणजे दंडापर्यंत पाणी येणारच, पट्टी सुटतेच. डॉक्टरला मी साबणाचं कारण दिलं. ती म्हणाली, "ताई, निवांत गटात तुमचा हात सगळ्यात मागे आहे. टॅक्सीवाल्यांच्याही मागे. घरी सगळं ठीक आहे ना?"

मी म्हटलं, "तू फोटो काढ. घराचा फोटो काढायचं काम तुझ्याकडे नाही."

ती लेन्स पुसत राहिली. पोर वाईट नाही.

वर अंघोळीचं लिहिलं आहे ते वाचून तुमच्या मनात काहीबाही येईल. हे पान फाडून नव्यानं लिहिणार होते. राहू दे.

वहिनी


६ मार्च

वन्सं,

आता खरं लिहिते. मध्ये थांबले तर पुन्हा हातून होणार नाही, म्हणून सलग लिहिते. तुम्हीही सलग वाचा.

फोन बिघडलेला नाही. तो कपाटात वरच्या फळीवर आहे. आई कुणालाही फोन लावायच्या आणि पलीकडच्या अनोळखी माणसाला विचारायच्या, "अहो, माझं घर कुठे आहे?" म्हणून मी तो काढून घेतला. कडी चोरांसाठी नाही. शिंपीणबाई उजेडासाठी येत नाहीत. आईंची आठवण गेली आहे, वन्सं. सुरुवात तुमचे भाऊ असतानाच झाली होती. ते गेल्यावर उतार लागला आणि गेल्या वर्षापासून कडा. आपला मुलगा गेला, हे त्यांना रोज नव्यानं कळायचं. म्हणून आता मी सांगत नाही. विचारलं तर कामाला गेलाय म्हणते.

हे तुम्हाला का कळवलं नाही, ते शेवटी येईल.

मागच्या आठवड्यात शिंपीणबाई चहा ठेवायला आत वळल्या. कडी त्या दिवशी त्यांनीच लावायची राहून गेली होती. त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही, बाई आपली मशीन आपल्या जिन्यानं उचलून आणते आणि बदल्यात चहासुद्धा स्वतः करून पिते. आई बाहेर पडल्या. चपला न घालता, हातात रिकामी पिशवी घेऊन. मला कामावर फोन आला. मी त्या बोळातून, त्या मोडक्या खुर्च्यांमधून कशी धावले ते आमच्या शिपायानं नंतर सगळ्यांना करून दाखवलं म्हणे.

आई शाळेपाशी सापडल्या. आपल्या रस्त्याच्या टोकाला नवीन शाळा झाली आहे, तुम्ही पाहिली नाही. फाटकाशी उभ्या होत्या. शाळा सुटून गेली होती. पहारेकऱ्यानं त्यांना स्वतःचं स्टूल दिलं होतं, त्यावर त्या बसल्या नव्हत्या. मला म्हणाला, "बाई, या आजी सांगतात मुलगी यायची आहे. आत कोणी नाही हो आता." आई माझ्याकडे बघत होत्या. घामाघूम झालेली मी, केस सुटलेले, पदराचं भान नाही. त्यांचा चेहरा एकदम उजळला. म्हणाल्या, "मुंगे, किती उशीर. मला वाटलं, हरवलीस."

तुम्हाला या नावानं हाक मारणारं आता जगात एकच माणूस उरलं आहे. आणि ती हाक माझ्या वाट्याला आली आहे.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले नाही. एक दिवसाचा फोटो चुकला तर मधला आकडा कायमचा जातो, म्हणून डॉक्टर कॅमेरा आणि बाटली घेऊन घरी आली. न कळवता. मी दार उघडलं तेव्हा माझ्या एका हातात कंगवा होता आणि मागून आईंचा आवाज, "कोण आलंय गं?"

आईंनी तिला बसवून घेतलं आणि ओळख करून दिली. "ही माझी मुलगी. मुंगी. लहानपणी साखरेच्या डब्यात हात घालायची म्हणून मुंगी."

"आणि घरात कोण कोण असतं, आजी?"

"मुलगा आहे. सून आहे. दोघं कामाला जातात. सून फार कडक हो. घड्याळात बघून पाणी पिते." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "तिला सांगू नकोस."

डॉक्टरनं माझ्याकडे बघितलं नाही, हे तिचे उपकार. तिनं माझी बाही वर केली, पट्टी काढली, थेंब सोडला. फेस आला. आई वाकून बघत होत्या. त्यांनी माझा दंड दोन्ही हातांत धरला आणि म्हणाल्या, "अगं, लागलं का तुला? कुणी केलं?" आणि फुंकर घातली. पुन्हा पुन्हा, गाल फुगवून, लहान पोराच्या गुडघ्यावर घालतात तशी.

लग्न होऊन मी त्यांच्या घरात आले तेव्हापासून आईंनी मला कधी बोल लावला नाही आणि कधी हातही लावला नाही. तक्रार नाही. मीही तशीच. दोन वाघिणी एका गुहेत राहतात तशा आम्ही आपापल्या कोपऱ्यात राहिलो. तुम्ही हसाल, पण त्या फुंकरीनं मी खुर्चीत ताठ बसू शकले नाही.

त्या फुंकरीनं तो फोटोही वाया गेला. जखमेवर तोंडचा वारा चालत नाही.

जिन्यात डॉक्टर म्हणाली, "ताई, तुमचा हात निवांत गटातून काढावा लागेल."

"मग दुसऱ्या गटात घाल. तिथलीच आहे मी."

"तसं करता येत नाही. आधी सांगायला हवं होतं. आता तो कुठल्याच गटात नाही."

बरोबर आहे. तिच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं, आणि एवढ्या मऊ आवाजात नसतं केलं. दुसऱ्यांची खोटी उत्तरं पकडण्यात माझा हातखंडा, आणि खोटं उत्तर देऊन चुकीच्या खुर्चीत जाऊन बसले ती मीच. पण तिला खोटं सांगताना मला ते खोटं वाटलंच नव्हतं. आजारी म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, "जवळचे कोणी आहेत का?" आणि मग तुमचं नाव सांगावं लागलं असतं.

जिन्यातच मी तिला तो प्रश्नही विचारला, ज्यासाठी तिथे गेले होते. म्हटलं, "एखाद्याची बायको शिस्तीची असेल. वर्षानुवर्षं. त्यानं नवऱ्याचं हृदय जाऊ शकतं का?"

तिनं कॅमेरा पिशवीत ठेवला. मग म्हणाली, "शंभर हात मोजले तर काहीतरी म्हणता येतं, ताई. एका हाताचं काही म्हणता येत नाही. एका माणसाचं तर नाहीच."

"म्हणजे हो की नाही?"

"म्हणजे कुणालाच सांगता येणार नाही. कधीच."

तेव्हा वन्सं, तुमचं ते वाक्य मी खोडून काढू शकत नाही आणि तुम्ही ते सिद्ध करू शकत नाही. मला वाटलं होतं, मोजलं की एकदा सुटका होईल, इकडे किंवा तिकडे. झाली नाही. मी आहे तशीच शिस्तीची आहे. तुमचे भाऊ भिंतीवरचं घड्याळ गुपचूप पाच मिनिटं मागे करायचे आणि मी ते पुढे करायची, आणि आम्ही दोघं त्यावर कधी एक शब्द बोललो नाही. तो ताण होता की खेळ, हे मी त्यांना विचारायला हवं होतं.

आता कळवलं का नाही ते. आईंनीच बजावलं होतं, असं मी स्वतःला सांगत आले. थोडं भान होतं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "मुंगीला कळवू नकोस, तिला सहन व्हायचं नाही." ते खरं आहे. पण ते अर्धं आहे. उरलेलं असं, की एकदा अंघोळ घालताना त्या तुमच्यासाठी रडायला लागल्या, काही केल्या थांबेनात, तेव्हा मी म्हटलं, "अगं आई, आहे ना मी इथे." त्या थांबल्या. माझ्या गालाला साबणाचा हात लावला. दुसऱ्या दिवशी त्यांनी हाक मारली आणि मी ओ दिली. मग रोजच.

तुम्ही आलात तर ती जागा तुमची आहे. म्हणून फोन दुरुस्तीला होता.

वहिनी


१४ मार्च

वन्सं,

तुमचं तिसरं कार्ड वाचलं. शिव्या कमी आहेत, माझा अंदाज जास्त होता. फोन तुम्ही अजून उचलत नाही, म्हणून हे पत्र माणसाच्या हाती पाठवते आहे.

घरी येणारे डॉक्टर काल तपासून गेले. आईंच्या घशाखाली आता काही उतरत नाही. चमच्यानं पाणीसुद्धा अर्धं बाहेर येतं. दवाखान्यात नेऊन नळ्या घालण्यात अर्थ नाही, म्हणाले. ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवा, म्हणाले. या.

उंबऱ्यावर पाय ठेवणार नाही, असं तुम्ही म्हणाला होतात. ठेवू नका. ओलांडून या.

किल्ली शिंपीणबाईंकडे आहे. कडी वर आहे, टाचा उंचवाव्या लागतील. आईंना डाव्या कुशीवर बरं वाटतं. ओठ कोरडे पडतात, कापसाचा बोळा आणि पाण्याची वाटी उशाशी ठेवली आहे. त्यांच्या पायांवर चादर ओढू नका, त्यांना ओझं होतं. भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं मागे आहे, ते मी पुढे केलेलं नाही. त्यावर भरवसा ठेवू नका.

माझ्या दंडाला आता फेस येत नाही. मिटली जखम. डॉक्टरनं तिचं माप घेतलं नाही, मीच एकदा थेंब सोडून बघितला.

राहिलं एक. त्या तुम्हाला ओळखतील याची खात्री मी देत नाही. डोळे फारसे उघडत नाहीत. पण हाक अजून मारतात. समोर आपण दोघी असलो तर त्यांचा गोंधळ होईल, आणि हल्ली गोंधळ झाला की त्या घाबरतात. म्हणून तुम्ही आलात की मी खोलीत थांबणार नाही. सून कामाला जाते, हे त्यांना पक्कं माहीत आहे. मी कामाला गेलेली असेन.

तुम्ही आत त्यांच्याजवळ बसा. हात हातात घ्या. त्यांनी "मुंगे" म्हटलं की लगेच ओ द्या, उशीर लावू नका. मला सवय झाली आहे, ऐकू आलं की तोंडून आपोआप निघतं. म्हणून मी जिन्यात खालच्या पायरीवर बसेन. तिथवर आवाज येतो.

मी ओ देणार नाही.

वहिनी